मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीत

माझा धाकटा भाऊ गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. यंदा दिवाळीची सुट्टी लागली तरी हा घरी आला नाही. फोनवर म्हणाला, "मंडई आहे, आणि नाटकाच्या तिकिटांचा हिशेब माझ्याकडे दिलाय." मंडई म्हणजे तिकडे भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतरची गावची जत्रा. मुलगा दिवाळी सोडून कसला हिशेब करतोय, हे आईला बघायचंच होतं. कोल्हापूरहून दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गाडी जाते, त्यामुळे वाटेत बदलाबदलीची कटकट नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियात उतरलो आणि रात्री तिथेच मुक्काम केला.

आमच्याकडे विदर्भ म्हटलं की लोकांना ऊन, कापूस आणि संत्री आठवतात. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा शेजारचा भाग म्हणजे झाडीपट्टी. इथे ना कापूस, ना संत्री. इथे धान, तळी आणि जंगल. आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तर "तिकडे जपून राहा" असा सल्ला देऊनच निरोप दिला होता.

रविवार : अर्जुनी

सकाळी बल्लारशाच्या बाजूला जाणारी गाडी धरली. खिडकीबाहेर काही बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, धान कापून त्याच्या कडपा पसरलेल्या होत्या, काहींत अजून उभं पिवळं पीक होतं. हलकं धान आधी येतं, भारी धान नंतर, आणि या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत मंडया बसतात. हे गणित एकदा कळलं की इथलं बाकीचं वेळापत्रक आपोआप समजतं.

भाऊ ज्यांच्याकडे भाड्याने राहतो ते घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. पुढे लांबलचक छपरी, मागे वाडी, वाडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल आणि कोचईची, म्हणजे अळूची, मोठाली पानं. दारात पाऊल टाकायच्या आधीच काकूंनी पाय धुवायला पाणी पुढे केलं. घरमालकांना गावात सगळे काकाजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

"या जी, बसा. गाडीत बसून थकले असाल."

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शेती किती, बैल किती, पाणी कशाचं.

"तुमच्याकडं धान किती होते जी?"

आई म्हणाली, "आमच्याकडे ऊस. धान थोडं, घरापुरतं."

काकाजी बराच वेळ गप्प राहिले. "मंग बाकीचे दिवस खाता काय?"

भावाला इथे कोणी नावाने हाक मारत नाही. तो मास्तर. दुकानात मास्तर, तळ्यावर मास्तर, आणि दुपारी झोपला असेल तर खिडकीतूनही मास्तर. पहिल्या वर्षी त्याला याचाच फार त्रास झाला होता. दार लावून बसलं की लोकांना वाटतं आजारी आहे, आणि मग कोणीतरी काढा घेऊन येतं. आता त्याने दार उघडं ठेवायला सुरुवात केली आहे. म्हणतो, उघडं दार असलं की लोक डोकावून निघून जातात, बंद असलं की बसतात.

अंधार मात्र लवकर पडतो. या दिवसांत कोल्हापूरपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी सूर्य मावळतो. साडेपाचला दिवे लागले, सातच्या आत जेवणं आटोपली, आणि आठला आई घड्याळ हलवून बघत होती.

जायचं असेल त्यांच्यासाठी: नोव्हेंबरमध्ये दुपारी पातळ सुती कपडे पुरतात, पहाटे मात्र स्वेटर आणि कानटोपी हवीच. मच्छरदाणी घरातून न्या. तळी जवळ आहेत आणि डासांना पाहुणा आवडतो. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, एक चुकली की अर्धा दिवस गेला असं धरून चाला.

सोमवार : नवेगाव बांध

पहाटे भावाने मोटारसायकलवर मला आणि शेजारच्या मुलाने दुसऱ्या गाडीवर आईला घेतलं. तळ्यावर धुकं इतकं दाट की पाणी कुठे सुरू होतं ते कळेना, नुसते पक्ष्यांचे आवाज. ऊन वर आल्यावर समोर एवढं पाणी दिसलं की आई म्हणाली, "हे तळं आहे?" रंकाळ्याच्या मापाने मोजणाऱ्या माणसाला ते पटायला वेळ लागतो. सभोवती डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असं सांगितलं जातं. कोहळी समाज तळी बांधण्यात वाकबगार. उतार बघून पाळ कुठे घालायची, पाणी कुठून सोडायचं, हे ज्ञान त्यांच्या घराण्यांत चालत आलेलं. पूर्व विदर्भात अशी हजारो तळी आहेत.

त्यांना सरकारी कागदात 'मामा तलाव' म्हणतात. मला वाटलं होतं कुणाच्या तरी मामाचे. तर ते माजी मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे गावाचे मालक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारकडे आली. काकाजींच्या मते तेव्हापासून गाळ काढायची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणालाच नीट ठाऊक नाही. धानाला ऐन वेळी पावसाने दगा दिला की मात्र सगळ्यांना तळं आठवतं.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीची बरीच वर्षं इथे काढली, हे ठाऊक असल्यामुळे मी पक्षी बघायचा निश्चय करून आले होते. अडई बदकांचे थवे दिसले, जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या, बाकीच्यांची नावं मला सांगता येणार नाहीत. सारस बघायचा असेल तर तो इथे नाही, त्यासाठी गोंदियाच्या आसपासची तळी आणि धानाची शेतं गाठावी लागतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः त्याच भागात.

काठावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया शिंगाडे उकडून विकत होत्या. काळं, शिंगं असलेलं हे फळ कसं फोडायचं ते एका बाईने आईला शिकवलं, आणि आईने तिथे उभ्याउभ्या इतके खाल्ले की जेवण टळलं. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपवासाच्या पिठाचा पुडा. तो पाण्यात वेलीला लागतो आणि कोणीतरी होडीत बसून तोडतं, हे तिने साठीनंतर पाहिलं.

येताना संध्याकाळ व्हायला लागली तशी भावाने गाडी पळवली. मी म्हटलं वाघ का? तो म्हणाला, वाघ असतोच, त्याची आता सवय झाली आहे, लोक बोलतात हत्तींबद्दल. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी तो या तालुक्यापर्यंत पोहोचला. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचून ठेवले की हत्तींना पंगतच वाढल्यासारखी. रात्री छपरीत काकाजी ती गोष्ट सांगत होते, त्यात भीती होतीच, पण थोडा अभिमानही होता. हत्ती बघितलेला माणूस गावात वेगळा बसतो.

मंगळवार : मंडई

भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई सुरू होते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे या गावचे लोक त्या गावाला आणि ते लोक या गावाला येऊ शकतात. सकाळपासून घरात पाहुण्यांची रीघ लागली. काकाजींच्या दोन्ही मुली लेकरांसह आल्या, व्याही आले, व्याह्यांचे व्याही आले. चुलीवर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कोंबडा शिजत होता, शेजारी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जात होते. लाखोरी धान कापायच्या आधीच उभ्या पिकात फेकतात. धान निघतं आणि त्याच ओलीवर लाखोरी आणि जवस वर येतात, वेगळी नांगरट नाही.

एक गोष्ट पाहून मी आणि आई दोघी दचकलो. पांढऱ्या मिशांचे एक पाहुणे वाकून एका पोराच्या पाया पडले. पोरगा जेमतेम कॉलेजातला असेल, आणि तो निवांत उभा. आईला वाटलं काहीतरी चुकतंय, ती पोराला दटावायला निघालीच होती. भावाने तिचा हात धरला. इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा मानाचा. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आमच्या दादाला सांगायला पाहिजे हे." तिचा दादा म्हणजे आमचा मामा. त्याने अजून ऐकलेलं नाही.

दुपारी मंडई भरली. शाळेच्या मागच्या मैदानात दुकानांची दुतर्फा रांग, ऊस, मुरमुरे, जिलेबी, बांगड्या, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्यांवर पोरींची झुंबड. मोरपिसांनी सजवलेली ढाल घेऊन गाई राखणारे गोवारी आले, वाजंत्री लागली आणि मागोमाग दंडार सुरू झाली. बाप्ये लुगडी नेसून नाचत होते, टिपऱ्यांचा ठेका आणि मधे मधे गावातल्याच माणसांवर चिमटे. एका गाण्यात "मास्तर" ऐकू आलं आणि सगळे भावाकडे बघून हसले. काय म्हटलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. काकूंच्या मुलीने नंतर सांगितलं: मास्तरचं लगन होत नाही कारण तो पोरी बघायच्या ऐवजी वह्या तपासतो.

हा विषय दिवसभर चालला. मंडईत सोयरिकी जुळतात, आणि नोकरीवाला, बिनलग्नाचा मास्तर गावात असताना लोक वेळ वाया घालवत नाहीत. निदान तीन घरांतून आईला चहाला बोलावणं आलं. प्रत्येक घरात एक मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली. आई आली होती मुलाला ओढून घरी न्यायला, आणि संध्याकाळी मला विचारत होती, "त्या दुसऱ्या घरातली मुलगी काय शिकते म्हणाली?"

रात्री नाटक. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं, तिथल्या कंपन्या दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत रोज वेगळ्या गावात खेळ करतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीसाठी. गावच्या मंडळाने यंदा एका कंपनीला बोलावलं होतं. भाऊ तंबूच्या दाराशी टेबल टाकून, मफलर गुंडाळून तिकिटं फाडत बसला होता, आणि काकाजी त्याच्या बाजूला विनातिकीट घुसणाऱ्यांवर नजर ठेवून.

दहाला सुरू होणार असं जाहीर झालं होतं. साडेअकराला पडदा उघडला. तोपर्यंत भाषणं, सत्कार, नारळ. माझ्या मते यातले निम्मे सत्कार कोणी गाळले तर प्रेक्षक त्याचाच सत्कार करतील. पण पडदा उघडला आणि मी सगळं विसरले. रंगमंचाखाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले, आणि नाटकात सासू, सून, दारुडा दीर, शेवटी पोलीस. संवाद मोठ्याने, माइकवर, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जातील असे. मधेच गाणं, त्यावर 'वन्स मोअर'. शहरातल्या नाटकाला जाणारा माणूस नाकं मुरडेल. मी पण पहिली दहा मिनिटं मुरडलं. मग सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या पुढे बसलेली बाई खरोखर उठून उभी राहिली आणि सासूला दोन शिव्या घातल्या. सासूचं काम करणाऱ्या नटीने तिच्याकडे बघून पुढचं वाक्य आणखी ताणून म्हटलं. नटांना समोरचा माणूस असा हातात येणं मी मोठ्या नाट्यगृहातही फारसं पाहिलेलं नाही.

बायका, लेकरं, म्हातारे सगळे रात्रभर. लेकरं गोधडीत झोपलेली, विनोदी पात्र आलं की त्यांना उठवतात, गेलं की परत झोपवतात. पहाटे संपलं. लोक घोळक्या-घोळक्याने, विजेऱ्या घेऊन घरी गेले. एकट्याने निघायचं नाही, ही पद्धत जंगलामुळे पडलेली.

नाटकाला जाणाऱ्यांनी शाल, चटई आणि पाण्याची बाटली न्यावी. खुर्चीचं तिकीट घेतलंत तरी चटई न्या, दोन तासांनी पाठ स्वतःच खाली उतरते. मंडईची तारीख गावातल्या माणसाकडूनच घ्या, ती छापलेली कुठे मिळत नाही. आणि दुपारी झोपून घ्या.

बुधवार : तांदळावरून वाद

सगळं गाव दहापर्यंत झोपलेलं. अकराला मात्र बाया विळे घेऊन बांधीत. भारी धान कापायला आलेलं होतं, त्याला कालचं जागरण चालत नाही.

मी जेवणाबद्दल आतापर्यंत फार लिहिलं नाही, कारण सगळी कथा भातापाशी येते. सकाळी फोडणीचा भात, दुपारी भात, रात्री भात. भाज्यांना जवसाच्या तेलाचा वेगळा वास, तो आवडायला मला दोन जेवणं लागली. सुकटातल्या झिंग्यांची भाजी मात्र पहिल्या घासापासून आवडली. आईने तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली. काकूंनी आनंदाने करून दिली, तांदळाची.

मग विषय निघाला की चांगला तांदूळ कोणता. आई म्हणाली, आजरा घनसाळ. वास असा की शेजाऱ्याला कळतं. काकाजी म्हणाले, वासानं पोट भरते का जी, खायचा तो एचएमटी. आणि मग दादाजी खोब्रागडेंची गोष्ट आली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा दीड एकराचा शेतकरी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, परत निवडल्या. दाणा बारीक, भात मोकळा. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. वाण सगळीकडे पसरला, दुसऱ्यांनी पैसा केला. दादाजी २०१८ मध्ये गेले. काकाजी हे सगळं असं सांगत होते की जणू शेजारच्या बांधीतच घडलं. "आमच्या झाडीतल्या मानसानं काढला हा धान, कोन्या साहेबानं नाई," एवढं म्हणून त्यांनी आईच्या ताटात आणखी वाढला.

आईने हार मानली नाही. पण भात संपवला.

गुरुवार : गोठणगाव

ज्या गोष्टीची अजिबात कल्पना नव्हती ती अशी, की धानाच्या या मुलखात तिबेटी लोकांची वसाहत आहे. गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. प्रार्थनेच्या पताका, मठ, आणि बाहेर बाकावर बसलेल्या, माळ ओढणाऱ्या म्हाताऱ्या. तरुण जवळजवळ कोणीच नाही. थंडी सुरू झाली की ते स्वेटर विकायला शहराशहरांत जातात. एका आजींनी आमच्याशी हिंदीत बोलायला सुरुवात केली, मधेच "काहून जी" असं इतकं सहज म्हणाल्या की भावाला हसू आवरेना. आई म्हणाली की आमच्याकडेही हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले येतात, दरवर्षी मी त्यांच्याशी भाव करते. आजी म्हणाल्या, "थोडा कम किया करो."

जवळच इटियाडोह धरण. तिथे जाऊन आलो, पाणी बघितलं, फोटो काढले. सोमवारचं तळं बघितल्यावर धरणाचं फार अप्रूप राहत नाही. हिवाळ्यात वसाहत बघायला जाणार असाल तर जेवणाची सोय तिथे होईल असं धरू नका.

शुक्रवार : वडसा, आणि परत

भावाला नाटक कंपनीचे उरलेले पैसे द्यायचे होते, म्हणून आम्हीही वडशापर्यंत गेलो. कागदोपत्री देसाईगंज, बोलण्यात वडसा. नाटक कंपन्यांच्या कार्यालयांवर फलक, फलकांवर नटनट्यांचे फोटो, आत टेबलावर तारखांची वही. गावोगावची माणसं येऊन बसलेली, कोणाला अमुकच नट हवा, कोणाला लावणी जास्त हवी. हंगामात या धंद्यावर वादक, रंगभूषेवाले, तंबूवाले, गाडीवाले अशी कितीतरी घरं चालतात. व्यवस्थापकाने भावाकडून पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि लगेच पुढच्या वर्षीची तारीख विचारली. भावाने खिशातून डायरी काढली. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरचे फोटो बघण्यात गुंग होती, मंगळवारची सासू कोणती ते शोधत.

निरोप आदल्या रात्रीच झाला होता. काकूंनी पोपटाचे दाणे सोलून, बांधून दिले. काकाजी म्हणाले, "रोवन्याच्या टायमाला या. तवा खरी झाडी दिसते." चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला आईला चालेल का, असं मी विचारलं, तर आईच म्हणाली, "मला येतं रोवायला. तुला येत नाही."

परतीची महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सकाळी सुटते, म्हणून आदल्या रात्री तिथे मुक्काम करावा लागतो. गोंदियात राईस मिल चिकार आहेत, तांदूळ घ्यायचा तर तिथे घ्या आणि जुना मागा. यंदाचा नवा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, दुकानदार आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाही. आईने विचारलं, आणि घासाघीस करून जुन्या एचएमटीचा कट्टा घेतला. शेजाऱ्यांना मात्र हा तांदूळ आहे असं सांगायचं, नाव सांगायचं नाही, असं तिने मला गाडीत दोनदा बजावलं.